जुन्या ॲम्प्लिफायरची नाडीपरीक्षा

दिल्लीत लाल किल्ल्याकडे पाठ करून चांदणी चौकात शिरू लागले की तोंडाशीच लाजपतराय मार्केट लागते. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या व्यापाऱ्यांच्या दुकानांतून वाढलेली ही बाजारपेठ म्हणजे राजधानीतील इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे जुने माहेरघर. जवळच भागीरथ पॅलेस हा विजेच्या सामानाचा घाऊक बाजार आहे. एके काळी तो बेगम समरूचा वाडा होता, हे तारांच्या भेंडोळ्यांतून वाट काढणाऱ्याच्या आज ध्यानीही येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये लाजपतराय मार्केटला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भागीरथ पॅलेसला मोठ्या आगी लागल्या. तरीही जुन्या यंत्राचा एखादा दुर्मीळ भाग हवा असला, की जाणकार दिल्लीकराची पावले अजून याच गल्ल्यांकडे वळतात.

ध्वनिवर्धनाच्या बाबतीत दिल्लीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९४० साली दिल्लीत सुरू झालेल्या 'अहुजा' कंपनीचे ॲम्प्लिफायर आणि कर्णे गणेशोत्सवाच्या मांडवात, ग्रामसभेत, कीर्तन सप्ताहात कित्येक वर्षे घुमत आले आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यांतूनही रेकॉर्ड प्लेअर आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असे. करोलबाग वा पहाडगंज सोडून ही कुटुंबे पुढे नोएडा, गुरुग्रामच्या सदनिकांत गेली, तेव्हा यंत्र माळ्यावर गेले. आता वीस-पंचवीस वर्षांनी ते खाली उतरते. तबकड्या जपलेल्या असतात, पुन्हा ऐकण्याची हौस दाटून आलेली असते, आणि घरातील कोणीतरी उत्साहाने विजेची पिन भिंतीतल्या सॉकेटात खुपसतो. इतकी वर्षे सुखरूप राहिलेले यंत्र बहुधा याच क्षणी जळते.

अशा यंत्राबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. काही कारागीर आतले सगळेच भाग बदलून टाका म्हणतात. काही शौकीन मूळ भागाला हात लावणे हे पाप समजतात. दोन्ही मतांत एक सोय आहे. ती म्हणजे तपासणीचा त्रास वाचतो. वास्तविक एकाच पेटीत राहणारे हे भाग एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. ट्रान्सफॉर्मर साठ वर्षांनीही ठणठणीत असतो, तर त्याच्या शेजारचा कंडेन्सर पंधरा वर्षांत निकामी होतो. म्हणून 'हे यंत्र किती जुने?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'यातील कोणता भाग कशाने थकतो?' हा प्रश्न विचारावा लागतो.

पहिली पायरी डोळ्यांची आणि नाकाची. पिन न लावता तळाचे झाकण उघडावे. कंडेन्सरच्या बुडाशी सुकलेला चिकट द्राव, फुगलेला माथा, काळवंडलेला रेझिस्टर, वितळून ओघळलेले मेण, उंदराने कुरतडलेली तार या गोष्टी पाहताक्षणी बोलतात. ट्रान्सफॉर्मरला जळक्या वार्निशचा वास येत असेल तर पुढचा खर्च करण्यापूर्वी थांबून विचार करावा. दिल्लीच्या यंत्रांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे धूळ. मे-जूनच्या आंधीत घराच्या फटीफटीतून शिरलेली ही बारीक माती कोरडी असेतो निरुपद्रवी असते. पावसाळ्यात ओल धरली की मात्र तिच्यातूनच उच्च दाबाची वीज वाट काढते. मऊ कुंचल्याने ती झाडून घेतल्यावाचून पुढची कोणतीही मोजणी विश्वसनीय ठरत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये २५० ते ४५० व्होल्ट इतका एकदिश दाब असतो आणि पिन काढल्यानंतरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. हा दाब प्राणघातक आहे. तो पेचकसाने ठिणगी पाडून उतरवण्याची पद्धत अनेक दुकानांत दिसते, पण त्याने भागही बिघडतो आणि माणूसही दचकतो. योग्य रेझिस्टरमधून तो हळूहळू रिकामा करावा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करूनच हात घालावा. ज्यांना हे काम अंगवळणी नाही त्यांनी आतली तपासणी जाणत्याकडूनच करून घ्यावी. पुढील माहितीचा त्यांना उपयोग असा, की कारागीर काय करतो आहे आणि का, हे त्यांना समजेल.

कंडेन्सर: सर्वांत आधी थकणारा

मराठी पाठ्यपुस्तकात ज्याला धारित्र म्हणतात, त्याला बाजारात कंडेन्सर हेच नाव आहे. वीजपुरवठ्यातील मोठे कंडेन्सर 'इलेक्ट्रोलिटिक' जातीचे असतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय बारीक थर आणि त्याला खेटून रसायनात भिजवलेला कागद, अशी त्यांची घडण असते. हा थर म्हणजेच विजेला अडवणारी भिंत. यंत्र नियमित वापरात असले की चालू विजेमुळे ही भिंत आपोआप लिंपली जाते. वर्षानुवर्षे बंद राहिले की ती झिजत जाते. मग एकदम पूर्ण दाब दिला तर भिंतीतून वीज गळू लागते. ४०० व्होल्टवर एक मिलिअँपिअर गळती म्हणजे ०.४ वॅट उष्णता, जी सहज खपून जाते. तीच गळती २० मिलिअँपिअर झाली तर ८ वॅट उष्णता त्या बंद डबीत कोंडते. आतले रसायन उकळते आणि डबी फुटते. सॉकेटात पिन खुपसल्यावर होणाऱ्या स्फोटाचे कारण हे असते.

यावरचा उपाय म्हणजे दाब पायरीपायरीने वाढवत भिंत पुन्हा घडू देणे. कंडेन्सर यंत्रापासून सुटा करून, मोठ्या रेझिस्टरमधून थोडा थोडा दाब देत, गळती मोजत राहायचे. काही तासांत ती उतरत गेली तर कंडेन्सरमध्ये जीव आहे. ती एका आकड्यावर अडून बसली तर आशा सोडावी. अनेक जण हेच काम डिमरस्टॅट लावून संपूर्ण यंत्रावर करतात. परंतु ज्या यंत्रात वीज एकदिश करण्याचे कामही व्हॉल्व्हच करतो, तेथे ही युक्ती फसते. त्या व्हॉल्व्हचा तंतू पुरेसा तापेपर्यंत कंडेन्सरला काहीच मिळत नाही, आणि तो तापला की एकदम बराच दाब येऊन पडतो. हळूहळू चढवल्याचे समाधान तेवढे मिळते.

गळती हा एक रोग झाला. दुसरा रोग सुकण्याचा. बुडाच्या रबरी बुचातून आतला ओलावा वर्षानुवर्षे उडत राहतो, साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. हा रोध मोजणारा 'ईएसआर मीटर' आता कारागिरांकडे सर्रास असतो. केवळ साठवणक्षमता मोजून निष्कर्ष काढण्यात धोका आहे. जुन्या कंडेन्सरवर छापलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्ष आकडा निम्म्याने जास्त असणे त्या काळच्या मोजमापात चालत असे. शिवाय गळका कंडेन्सर स्वस्त मीटरवर उलट जास्तच क्षमतेचा दिसतो! ५० मायक्रोफॅरॅडचा भाग ७० दाखवतो म्हणून खूश होणाऱ्याने त्याची गळतीही पाहावी. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर खात्यातली शिल्लक फुगलेली दिसते, पण ती वटणारी नसते.

उष्णतेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की कंडेन्सरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम तंत्रज्ञ वापरतात. ८५ अंशांवर २००० तास टिकेल अशी हमी असलेला कंडेन्सर ६५ अंशांवर ८००० तास आणि ५५ अंशांवर १६००० तास चालेल. रोज चार तास यंत्र वाजले तर पहिल्या स्थितीत साडेपाच वर्षे, दुसरीत जवळजवळ अकरा. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी ॲम्प्लिफायर काचेच्या बंद कपाटात ठेवला आहे की मोकळ्या फळीवर, एवढ्यावर हा फरक पडू शकतो. त्याला काडीचाही खर्च नाही.

ज्याचा कान तयार आहे त्याला मीटरपूर्वीच काही खुणा कळतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती एकदिश होताना बहुतेक यंत्रांत १०० हर्ट्झची थरथर उरते आणि ती गिळणे हे कंडेन्सरचे काम. तो थकला की स्पीकरमधून १०० हर्ट्झची घुमघुम येऊ लागते. आवाज ५० हर्ट्झचा असेल तर दोष बहुधा अन्यत्र, म्हणजे तंतूच्या तारांत, अर्थिंगमध्ये किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या जोडणीत शोधावा. या दोन स्वरांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. तानपुरा जुळवणाऱ्याला ते सहज ओळखता यावे.

मूळ कंडेन्सर ठेवावेत की काढावेत? तीस-चाळीस वर्षे बंद पडलेल्या यंत्रातील वीजपुरवठ्याचे कंडेन्सर तपासणीत उत्तीर्ण झाले तरी रोज वापरायच्या यंत्रात ते बदलणेच इष्ट. त्यांच्या निकामी होण्याने ट्रान्सफॉर्मर ओढला जातो, आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही. मूळ रूप जपायचे असेल तर जुनी डबी जागेवर ठेवून, तिच्या तारा सोडवून, नवे छोटे कंडेन्सर चॅसीखाली बसवता येतात.

याहून कपटी असतो तो दोन व्हॉल्व्हांमधला छोटा कागदी, मेण लावलेला कंडेन्सर. आवाज पुढे जाऊ द्यायचा पण एकदिश दाब अडवायचा, एवढेच त्याचे काम. ओल लागून तो किंचित गळू लागला, की पुढच्या शक्तिशाली व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको असलेला दाब पोहोचतो आणि तो व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर वीज ओढतो. प्लेट लालभडक होते. लोक व्हॉल्व्ह बदलतात, नवाही जळतो. तपासणी सोपी आहे: कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवून, यंत्र चालू असताना तेथे किती एकदिश दाब येतो ते पाहावे. तो शून्याच्या आसपास स्थिरावला पाहिजे. अर्धा व्होल्टही कायम दिसत राहिला तर तो भाग काढावा. विजेच्या दोन मुख्य तारांमध्ये जोडलेला जुना कागदी कंडेन्सर मात्र न तपासताच बदलावा. अंगावर बारीक तडे गेलेले हे कंडेन्सर केव्हा धूर सोडतील याचा नेम नसतो. त्या जागी विजेच्या मेन लाइनसाठी प्रमाणित असलेलाच भाग बसवावा.

चढलेले रेझिस्टर, तग धरणारे व्हॉल्व्ह

जुन्या यंत्रांतले कार्बनचे रेझिस्टर वयोमानाने आणि ओलीने वर चढतात. चंदेरी पट्टी असलेल्याला मुळातच दहा टक्के आणि पट्टी नसलेल्याला वीस टक्के फरकाची मुभा असे. त्यामुळे १०० किलोओहमचा रेझिस्टर १०८ भरला म्हणून उपटण्याचे कारण नाही. १४० भरला तर आहे. येथे एक क्लृप्ती उपयोगी पडते. जोडलेल्या स्थितीत मोजताना इतर वाटांनीही वीज फिरते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, जास्त सहसा येत नाही. कंडेन्सर रिकामे करून घेतल्यावर जोडलेल्या जागीच आकडा छापील किमतीपेक्षा बराच जास्त आला, तर तो रेझिस्टर चढला आहे हे जवळजवळ निश्चित. सगळे भाग सुटे करीत बसण्याची गरज उरत नाही, आणि प्रत्येक वेळी कथिलाच्या जोडाला लावलेली उष्णताही वाचते.

व्हॉल्व्ह हा सर्वांत नाजूक दिसणारा भाग, पण बऱ्याचदा तोच सर्वांत चिवट निघतो. आपल्या देशातही ते बनत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हांचे आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू केले होते. काचेच्या आत चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. डाग शाबूत असेल तर निकाल मोजणीवर सोपवावा. उदाहरणार्थ, घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये सर्रास आढळणारा ईएल ८४ घ्या. २५० व्होल्टवर, १३५ ओहमचा कॅथोड रेझिस्टर असताना त्या रेझिस्टरवर सुमारे ७.२ व्होल्ट मिळावेत. ७.२ भागिले १३५, म्हणजे ५३ मिलिअँपिअर. तेथे १० व्होल्ट आढळले तर व्हॉल्व्ह ७४ मिलिअँपिअर ओढतो आहे आणि १२ वॅटची त्याची प्लेट भाजली जात आहे. दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा मघाच्या गळक्या कंडेन्सरमध्ये असेल. ४ व्होल्टच आढळले तर व्हॉल्व्हची शक्ती ओसरली असावी. अर्थात, तो १३५ ओहमचा रेझिस्टरच चढून १८० झाला असेल तर हे सगळे गणित फसवे ठरते. म्हणून रेझिस्टर आधी, व्हॉल्व्ह नंतर, हा क्रम मोडू नये.

याच संदर्भात विजेच्या दाबाचाही विचार करावा. जुन्या यंत्राच्या मागे बहुधा दाब निवडण्याची खिट्टी असते. ती २२० वर असेल आणि सदनिकेत २४० व्होल्ट येत असतील, तर आतले सर्वच दाब नऊ टक्क्यांनी चढतात. ६.३ व्होल्टच्या तंतूला ६.८७ मिळतात, आणि ते त्याच्या आयुष्यातून वजा होते. नोएडा-गुरुग्रामच्या संकुलांत वीज जाऊन जनरेटर सुरू होताना आणि परत येताना बसणारा हिसका वेगळाच. अशा वेळी यंत्र बंद करून दोन-चार मिनिटांनी लावण्याची सवय कोणत्याही महागड्या स्टॅबिलायझरइतकीच उपयोगी आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातील ट्रान्झिस्टरच्या यंत्रांत उच्च दाबाचे भय कमी, पण स्पीकरचे भय मोठे. यंत्र निवांत असताना स्पीकरच्या जोडणीवर एकदिश दाब किती आहे ते सर्वप्रथम पाहावे. काही मिलिव्होल्ट असतील तर ठीक, शंभराच्या पुढे शंका धरावी. ट्रान्झिस्टर फुटून तेथे वीस-तीस व्होल्ट आले तर क्षणार्धात स्पीकरचे वेटोळे जळते, आणि जुन्या स्पीकरचे तसेच वेटोळे मिळवणे यंत्र दुरुस्त करण्याहून कठीण. प्रवाह जुळवण्याचा छोटा फिरता प्रीसेट मळला असेल तरी ट्रान्झिस्टर तापून पळ काढतात. ट्रान्झिस्टर आणि त्याच्या ॲल्युमिनियमच्या पाख्यामधली पांढरी पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर ती पुसून नवी लावावी.

ट्रान्सफॉर्मरबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वेटोळी अखंड आहेत का आणि ती लोखंडापासून नीट विलग आहेत का, ही दोन उत्तरे मेगरने मिळाली की बस्स.

हे सर्व झाल्यावर पहिल्यांदा वीज देताना कारागीर सिरीज बोर्ड वापरतात. शंभर वॅटचा तंतूचा दिवा यंत्राच्या वाटेत जोडलेला असतो. तो क्षणभर उजळून मंदावला तर यंत्र शहाण्यासारखे वागत आहे. तसाच प्रखर राहिला तर आत कोठेतरी वीज थेट वाहते आहे आणि दिव्याने यंत्र वाचवले आहे. आता तंतूचे दिवे दुकानांतून दिसेनासे होत चालले आहेत. एलईडी या कामाचा नाही, तेव्हा असा एखादा दिवा मिळाला तर जपून ठेवावा.

बाजारात सुटे भाग घेताना नजर ठेवावी लागते. जुन्या नावाचा शिक्का मारलेले नवे व्हॉल्व्ह, आत छोटी चकती घातलेले नकली २एन ३०५५ ट्रान्झिस्टर, कारखान्यातच भरून सीलबंद केलेल्या एसटीके मॉड्यूलच्या हुबेहूब नकला यांना तोटा नाही. आणि 'न वापरलेला जुना माल' म्हणून मिळणारा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तर मुळीच घेऊ नये. दुकानाच्या खोक्यात तो तीस वर्षे पडून राहिला, म्हणजे माळ्यावरच्या यंत्रातला कंडेन्सर ज्या रोगाने आजारी पडला त्याच रोगाची लागण त्यालाही झाली आहे. न वापरलेला जुना व्हॉल्व्ह मात्र मिळाला आणि मोजणीत खरा उतरला, तर त्याला चांगली किंमत देण्यास हरकत नाही.

दुरुस्तीला टाकण्यापूर्वी कारागिराला एकच विचारावे: कोणता भाग कोणत्या मोजणीवरून बाद ठरवला? 'जुना झालाय' हे त्याचे उत्तर नव्हे. चांगला कारागीर बाद भागाशेजारी आकडा लिहून देतो. काढलेले भाग एका पाकिटात घालून परत मागून घ्यावेत. मूळ किमती आणि रंगांच्या पट्ट्या पुढच्या दुरुस्तीत कामी येतात. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पायांवर मिळालेले दाब, त्या दिवशीचा विजेचा दाब आणि तारीख एका कागदावर लिहून तो पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावा. जुन्या यंत्रांत कारखान्याने लावलेला असा कागद कधी कधी अजूनही सापडतो; तो फाटला असला तरी काढून टाकू नये, नवा त्याच्या शेजारी लावावा.